डाव्या हाताचा जिना

आईचा अंगठा छपरातून आत गेला. आवाज असा काही झाला नाही. जुना कागद फाटताना जेवढा पुटपुटतो तेवढाच. मी आत भाजी चिरत होते, तरी मला तो ऐकू आला, कारण माझा सगळा जन्म कागदाचे आवाज ऐकण्यात गेला आहे. बाहेर आले तर आई कपाटापुढे उभी, कागदाचं घर छातीशी धरलेलं, अंगठा मुळापर्यंत छपरात रुतलेला, आणि तो काढावा की तसाच राहू द्यावा हे न कळल्यामुळे फोटोसाठी उभं केल्यासारखी ताठ. "काही मोडलं का गं?" तिने विचारलं. "हलू नकोस," मी म्हटलं. "हलत नाहीच आहे मी. मोडलं का ते सांग." मी तिचा अंगठा हळूच सोडवून घेतला. छपराच्या मागच्या उतारावर एक भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा आत वळल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सगळ्या घरात तुला चाचपडायला हेच सापडलं?" "डोळे गेल्यापासून मी बघते कशाने? हातांनीच ना?" आई म्हणाली, "बघायचं होतं मला." "काय बघायचं होतं?" "घर. अजून आहे का नीट, ते." मग तिने अंगठा पदराला पुसला, जणू त्यालाच काही लागलं होतं, आणि भिंतीचा आधार घेत आपल्या खुर्चीकडे गेली. जाता जाता म्हणाली, "एवढी खोक्यांच्या कारखान्यातली म्हणवतेस. घट्ट करून दे की. मग मला धरता येईल."

हे घर बाबांनी केलं होतं. मी लहान असताना आम्ही ज्या घरात राहायचो ते, हुबेहूब, टोस्टच्या डब्याएवढं. बाबा कंपनीत नकाशे काढायचे आणि आम्ही कंपनीच्या घरांत राहायचो. घरांची एक लांब ओळ होती, प्रत्येक घराला मधोमध दार, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर पुन्हा दोन, आणि सगळ्या दारांना कंपनीचा एकच हिरवा रंग. परक्या माणसाला आमचं घर ओळखून दाखव म्हटलं असतं तर त्याने हात टेकले असते. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं, मला बोलायची बंदी होती, तेव्हा एका संध्याकाळी बाबा माझ्या खाटेशी आले आणि त्यांनी हे घर पांघरुणावर ठेवलं. "तुझ्यासाठी केलंय," ते म्हणाले. बस्स, एवढंच. बाबा बोलायच्या बाबतीत पक्के कंजूष. दादाशी निदान क्रिकेटवर बोलायचे, माझ्याशी बोलायला त्यांना विषयच सुचत नसे. जेवताना माझ्या ताटाकडे बघून "घे अजून" म्हणायचे आणि मी "नको" म्हणायचे, संपला संवाद. लाड नाहीत, मार नाही, कधी डोक्यावरून हात नाही. पण दादाला दुकानातून आणलेली सायकल मिळाली होती आणि मला हाताने केलेलं घर. कौलांची एकेक ओळ वेगळी कापून चिकटवलेलं, खिडक्यांचे गज केसाएवढे. माणूस इतके दिवस मान मोडून कुणासाठी बसतो? ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठीच. हे माझं मी ठरवलं होतं आणि त्यावर मी मोठी झाले. बाबा माझ्यावर माया करत होते याला माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. माझं लग्न मोडलं आणि मी नवऱ्याच्या घरातून निघाले तेव्हा भांडी, पंखा, पलंग सगळ्यावर पाणी सोडलं आणि हे घर तेवढं मांडीवर घेऊन रिक्षात बसले. नवरा दारात उभा राहून हसला. त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

दार उघडत नसे, चिकटवलेलं होतं, आणि त्यावर नंबर नव्हता. तो मीच घातला. मी पाटीवर लिहून बाबांना विचारलं होतं, "नंबर का नाही?" आणि बाबा जरा वेळ दाराकडे बघत राहिले, मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून माझ्या हातात दिलं. "तू घाल." मी घातला, आमचा नंबर, वाकडा, दाराबाहेर जाणारा. मला तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं. बाबांच्या कामात मला हात लावायला मिळाला होता.

तर आता ते घट्ट करायचं. मी खोक्यांच्या कारखान्यात नमुने करते. औषधांची, चपलांची, दिव्यांची खोकी आधी आमच्या खोलीत हाताने जन्मतात, मग यंत्रावर जातात. त्यामुळे कागदाचा स्वभाव मला माणसांपेक्षा बरा कळतो. कागद पाणी प्यायला की फुगतो आणि वाळताना सूड घेतल्यासारखा वाकडा होतो. म्हणून जुन्या कागदाला पहिला हात पाण्यातल्या गोंदाचा द्यायचा नसतो, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा द्यायचा. लाख कागदात झिरपते, स्पिरिट उडून जातं, आणि कागद आतल्या आत टणक होतो. मग सांध्यांवर पातळ कागदाच्या पट्ट्या गोंदाने बसवायच्या, आणि त्या कापायच्या नाहीत, फाडायच्या, कारण कापलेली कड रंगाखालून उठून दिसते आणि फाडलेली विरून जाते. त्यानंतर बाहेरून लाख, फटी बुजवायला लांबीचा लगदा, पॉलिश पेपर, अस्तराचा हात, आणि सगळ्यात शेवटी रंग. पण या सगळ्याची सुरुवात आतून. बाहेरून कितीही चोपडा, आतून पोकळ राहिलेली भिंत अंगठ्याखाली बसणारच. आणि आत जायचं तर तळ उघडायला हवा. आजवर तो कुणी उघडला नव्हता. मला कधी उघडावासा वाटला नाही. आपल्याला मिळालेली भेट कुणी उलटी करून तपासतं का?

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि पातळ पात्याने तळाची कड सुटी करायला घेतली. बाबांचा गोंद इतका वाळला होता की पातं लावताच करकरत सुटत गेला. आई खिडकीशी बसली होती, रेडिओ बारीक करून. "उघडलंस?" तिने विचारलं. "थांब गं, घाई काय आहे." तळ निघाला. मी आत बॅटरी मारली. आत रिकामं नव्हतं. खोल्या होत्या. पुढची खोली, मागचं स्वयंपाकघर, त्यात कागदी ओटा, ओट्यावर फळी, आणि वर जाणारा जिना, पायरी न् पायरी. जिथे कधी कुणाची नजर जाणार नव्हती, जे तळ लावून कायमचं बंद होणार होतं, तिथे बाबांनी इतकं सगळं करून ठेवलं होतं. मला रडू आलं, सरळ सांगते. मी बाबांवर कायम थोडी रुसलेली होते, आणि हे बघून तो रुसवा पार वाहून गेला. "काय आहे आत?" आईने विचारलं. "खोल्या आहेत, आई! आतसुद्धा सगळं केलंय बाबांनी!" आईने रेडिओ बंद केला. "हो का," ती म्हणाली.

वस्तू पालथी धरून खालून बघितली की डावं-उजवं फिरतं. हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. म्हणून जिना मला वेगळ्याच बाजूला वाटला तेव्हा मी मनातल्या मनात हसले, घर सरळ केलं, दार माझ्याकडे केलं, चिकटवलेलं दार पात्याने सोडवलं आणि त्यातून बॅटरी मारून पाहिलं. जिना डाव्या हाताला होता. मी पुन्हा बघितलं. आमचा जिना उजव्या हाताला होता. दारातून शिरलं की उजवीकडे. याला माझ्याकडे साक्षीदार आहे: माझी उजवी भुवई. पळत घरात शिरले आणि जिन्याच्या खांबावर आपटले, त्याची खूण अजून आहे, तिथे केस उगवत नाहीत. मी घर हातात धरून दुसऱ्या हाताने भुवई चाचपत बसले. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाई आरशात बघतेय.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलमधले फोटो आमच्या खोलीतल्या कात्रीला दाखवले. तिचं खरं नाव सगळे विसरलेत. तिच्या जिभेमुळे तिला कात्री म्हणतात आणि तीही हाकेला ओ देते. तिने चष्मा कपाळावर चढवला. "उलटं झालंय गं, त्यात काय एवढं. आतल्या बाजूवर आखलं, घडी बाहेरच्या बाजूने घातली, की सगळं आरशातल्यासारखं फिरतं. आपल्याकडे नवी पोरं महिन्यातून एकदा तरी करतात. मागे त्या चपलांच्या खोक्यावर नाही का झालं, मालकांनी डोक्याला हात लावला होता." "माझे बाबा नकाशे काढायचे," मी म्हटलं. "मग काय देव होते?" कात्री म्हणाली, "चुकले असतील. लेकीच्या मायेत माणूस चुकतो." हे तिने चेष्टेत म्हटलं असेल, पण मी ते घट्ट धरून ठेवलं. दिवसभर खोकी कापताना मी तेच घोळवत होते. चुकले. आजारी मुलीसाठी घाईघाईत करताना बाबांची बाजू चुकली. मला तर ते आणखीच आवडायला लागलं. कधी न चुकणारे बाबा माझ्यासाठी एकदा चुकले होते.

संध्याकाळी मी छपराला हात घातला. भोकाभोवतीचा कागद बदलायचा तर छप्पर उचलायलाच हवं होतं. ते उचललं आणि वरची खोली दिसली. आमच्या वरच्या खोलीत दादाची आणि माझी खाट होती, आणि मध्ये पळायला मोकळी जागा. इथे खाटा नव्हत्या. इथे खोलीच्या मधोमध एक लाकडी आडोसा होता, अर्थात कागदाचा, पण त्यावर पेन्सिलीने लाकडाच्या रेघा काढलेल्या, आणि त्या आडोशाला एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून मी हात घातलेला आहे. खऱ्या खिडकीतून. फ्रॉकचं कापड आत देण्यासाठी.

आमच्या शेजारी शिवणवाल्या मावशी राहायच्या. एकट्याच होत्या. त्यांचा भाऊ कंपनीत होता, तो बदलीच्या गावी गेला आणि घर त्यांच्याकडे राहिलं. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. त्या भिंतीतून दोन्ही घरांचे नळ गेलेले, म्हणून बांधणाऱ्याने एक घर सुलट आणि एक उलट असं बांधलं होतं, आमचा जिना उजवीकडे तर त्यांचा डावीकडे. हे मला माहीत होतं. लहानपणी त्यांच्याकडे गेले की मला नेहमी चुकल्यासारखं व्हायचं, आपल्याच घरात कुणीतरी सगळं हलवून ठेवल्यासारखं. आईची त्यांच्याशी घट्ट मैत्री. चहा झाला की आई चमच्याने भिंतीवर ठोकायची आणि मावशी यायच्या. मावशींनी वरच्या खोलीत आडोसा घालून मागे शिवणाची जागा केली होती. गिऱ्हाइकांनी आडोशाच्या अलीकडे थांबायचं, कापड खिडकीतून द्यायचं. पुरुषमाणसांनी तर खाली दारातच. बाबा आम्हाला आणायला यायचे तेव्हा दारात उभं राहून, घसा खाकरून, रस्त्याकडे तोंड करून थांबायचे. मला ते अगदी डोळ्यांपुढे दिसतात, रस्त्याकडे तोंड केलेले. आडोशाच्या पलीकडे काय आहे ते मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. ते मी आता पाहिलं. बाबांनी सगळं केलं होतं. शिवणाचं मशीन, मशीनला चाक, टेबलाला खण. मशीनपुढे एक खुर्ची. आणि भिंतीशी, खिडकीच्या उजेडात, दुसरी.

दुसऱ्या खुर्चीकडे मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. बोटाच्या पेरावर मावेल एवढी ती खुर्ची, पण ती जराशी मशीनकडे तोंड करून ठेवलेली होती, कुणीतरी रोज बसून बोलत असावं अशी. आता कात्रीने सांगितलेल्या चुकीला काही अर्थ उरला नाही. बाजू उलटी होते, पण चुकीतून खुर्ची निघत नाही. मला मग एकेक गोष्ट आपोआप आठवत गेली, मी न बोलावता. मी दवाखान्यातून घरी आले तो आठवडा. घशात आग, तोंडात बर्फाचे खडे, आणि भिंतीपलीकडून सामान ओढल्याचा आवाज. मी पाटीवर लिहिलं होतं, "मावशी काय करतात?" आणि आईने वाचून म्हटलं होतं, "चालल्यात. भावाकडे." मला निरोप द्यायलाही मावशी आल्या नाहीत याचं मला वाईट वाटलं होतं. त्याच आठवड्यात बाबांनी पांघरुणावर घर ठेवलं. म्हणजे हे घर मावशींसाठी केलेलं होतं. त्या जाणार म्हणून, त्यांचं ते घर त्यांना सोबत नेता यावं म्हणून. त्यांनी नेलं नाही. मग उरलेली वस्तू कुणालातरी द्यायची, तशी ती मला दिली. आणि वर म्हणाले, तुझ्यासाठी केलंय! मी नंबर विचारला तेव्हा ते दाराकडे का बघत राहिले तेही मला कळलं, आणि मला बाबांचा असा राग आला की ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. बायकोला फसवणारे पुरुष पैशाला पासरी असतात. पण घसा कापलेल्या, बोलता न येणाऱ्या पोरीला असं फसवायचं? मी त्या घराशी खेळले. त्याच्या खिडकीत डोळा लावून मी आत मला शोधायचे. अंधारात काही दिसायचं नाही, तरी मी म्हणायचे, ती बघ मी, खाटेवर.

काम मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर आईने कारण विचारलं असतं. आणि आईला हे कळू द्यायचं नाही एवढं मी ठरवून टाकलं होतं. तिचे डोळे गेलेत, तिचा नवरा गेलाय, तिच्याजवळ उरलेल्या चार गोष्टींत तिची ती मैत्रीण आहे, अजून कधीतरी म्हणते, "तिच्यासारखा काजाचा हात मी पुन्हा पाहिला नाही." ते तरी तिला राहू दे. मी चिमट्याने भिंतीशी असलेली ती खुर्ची उपटली आणि काड्यापेटीत टाकली. चार पायांच्या जागी गोंदाचे चार ठिपके राहिले. ते घासून काढायला हवे होते. लाख लावायच्या आधी सगळं साफ घासायचं, हे मी नव्या पोरांना ओरडून सांगते. पण मला ती जागा पुन्हा बघायचीसुद्धा नव्हती, आणि मी तशीच वरून लाख फिरवली. एक हात, मग वाळू दिलं, मग दुसरा. सांध्यांना पट्ट्या फाडून बसवल्या, लांब भिंतींना आतून पुठ्ठ्याच्या फासळ्या दिल्या. रोज कारखान्यातून आले की चहा, आणि मग हेच. बाहेरून लाख लावायची वेळ आली तेव्हा मला माहीत होतं की बॉलपेनची शाई स्पिरिटने सुटते. एरवी मी दारावर आधी पाण्यातल्या व्हार्निशचा थेंब सोडून नंबर वाचवला असता. मी ब्रश सरळ दारावरून ओढला. आकडे सुटले, पसरले, दाराचा निळा डाग झाला. मी थांबले नाही. वरून अस्तर, वरून हिरवा.

"झालं का?" आई रोज विचारायची. "वास येतोय म्हणजे झालं असेल." "तळ लावला की झालं," मी म्हटलं. पुन्हा रविवार होता. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं आणि रंग वाळून गोड दिसत होता. छप्पर नुसतं वर ठेवलेलं, तळ बाजूला. "बंद करायच्या आधी माझ्या हातात दे," आई म्हणाली. "बंद केल्यावर देते की." "आत्ता दे." तिचा आवाज असा होता की मी वाद घातला नाही. मनात म्हटलं, खुर्ची तर काढली आहे, आणि जिना कुठल्या बाजूला ते या वयात हिला काय आठवणार. मी छप्पर काढलं आणि घर तिच्या मांडीवर ठेवलं, दार तिच्याकडे करून. तिने दोन्ही हातांनी ते बाहेरून बघितलं, खिडक्या, गज, कौलं नसलेल्या भिंतींच्या कडा. "छान घट्ट केलंस," ती म्हणाली. मग दार ढकलून तिने करंगळी आत घातली. ती करंगळी उजवीकडे गेलीच नाही. उजवीकडे चाचपडली नाही, थबकली नाही. सरळ डावीकडे गेली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली, आणि तिथे थांबली.

मी खुर्ची ओढली नाही, उभीच राहिले. आईने करंगळी काढून घेतली आणि वरून, छपराच्या जागेतून, दोन बोटं खोलीत सोडली. आडोसा लागला. त्याची खिडकी लागली. पलीकडे मशीन, चाक, खण, खुर्ची. बोटं भिंतीशी गेली आणि जमिनीवर फिरत राहिली, पुन्हा पुन्हा त्याच जागी. "इथलं काय काढलंस?" आईने विचारलं. "काही नाही." "ठिपके आहेत. चार." लाखेने ते ठिपके खड्यासारखे टणक केले होते. माझ्याच हाताची लाख. "खुर्ची होती," मी म्हटलं. "दे." मी काड्यापेटी उघडून खुर्ची तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती अंगठ्याने ओळखली आणि मान हलवली. "म्हणजे वर जात होते," ती म्हणाली, "बसत होते. मला वाटायचं, दारातूनच काय ते असेल. एवढी वर्षं मला तेवढंच कळत नव्हतं." आणि तिने मूठ मिटली. खुर्चीला मी लाख लावली नव्हती. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर कागदाचा चुरा होता, आणि तो तिने पदरावर झटकला.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हटलं. "तिचं सामान गेलं त्या सकाळी दार उघडलं तर पायरीवर हे ठेवलेलं," आई म्हणाली. "नेलं नाही तिने. मला दाखवायला ठेवलं, की ह्यांना परत करायला, ते तिचं तिला ठाऊक. दार तेव्हा उघडायचं, आत जिना डावीकडे दिसत होता, मी काय खुळी होते? ह्यांना उठवलं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, दार चिकटवा आणि पोरीला द्या. म्हणायचं, तुझ्यासाठी केलंय. एवढं तरी करा म्हटलं." "तू सांगितलंस तसं म्हणायला?" "मग? ते काय आपणहून बोलणार होते? त्यांना कधी काही सुचलंय?" मी म्हटलं, "आई, माझ्याकडे त्यांचं तेवढं एकच वाक्य होतं." "तू हसलीस ना ते बघून," आई म्हणाली. "किती दिवसांनी हसली होतीस. आणि मग रोज ते घेऊन फिरायचीस, जेवायला बसताना ताटाशी ठेवायचीस. त्यांना रोज बघावं लागायचं. मान वर करून जेवले नाहीत ते कधी. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू." "आणि मला?" मी विचारलं. "मला काय वाटेल ते?" "तुला तर आवडलं होतं," आई म्हणाली, आणि तिला खरंच माझा प्रश्न कळलेला नव्हता. मला तिच्या छपरातून गेलेल्या अंगठ्याची आठवण झाली, मुळापर्यंत रुतलेल्या. "तो अंगठा," मी म्हटलं, "चुकून गेला होता?" पदरावर राहिलेला एक कण आईच्या बोटाला लागला, तो तिने चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला.

मी घर तिच्या मांडीवरून उचलून टेबलावर नेलं. मला फक्त ते मोडायचं होतं. बाबांना मी आता काही करू शकत नव्हते, आईच्या अंगाला हात लावता येत नव्हता, पण हे माझ्या हातात होतं, कागदच होता शेवटी. मी पुढच्या भिंतीवर अंगठा टेकला आणि दाबलं. मग दुसऱ्या हाताचा आधार दिला, टेबलाच्या कडेला घर लावलं आणि सगळा जोर घालून दाबलं, दात ओठांत रुतेपर्यंत. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. भिंत हलली नाही. आतून लाख, त्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर फासळ्या. मी काही राहू दिलं नव्हतं. "काय करतेस?" आईने विचारलं. "वाळलंय का बघतेय." "वाळलं?" "हो," मी म्हटलं, "आता काही होत नाही त्याला." आणि गोंदाची बाटली उघडून मी तळ लावायला घेतला.